फ्रीझरमधले चार, घरातले पाच

पत्र आलंय नाशिकहून. थोडं कापलंय, आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

"ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. आयव्हीएफने मुलगी झाली, ती आता अडीच वर्षांची आहे. तेव्हाचे चार एम्ब्रिओ (भ्रूण) क्लिनिकमध्ये फ्रीझ केलेले आहेत. दुसरं मूल नको हे आमचं पक्कं आहे. आता रिन्यूअलचा फॉर्म आलाय, त्यात तीन पर्याय आहेत, पुढे ठेवायचे, नष्ट करायचे किंवा संशोधनाला द्यायचे. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, स्टेम सेलचं काम होईल, नाना (सासरे) पार्किन्सन्सने आजारी आहेत, उद्या त्यांच्याच कामी येईल. सासूबाई माळकरी आहेत. त्यांना कळल्यापासून त्या नीट जेवत नाहीयेत, म्हणतात ही भ्रूणहत्या आहे, माझी चार नातवंडं कापायला देताय. ऑफिसमधली मैत्रीण वसईची ख्रिश्चन आहे, ती म्हणाली आमच्या चर्चमध्येही हे पापच. मला काय वाटतं तेच कळत नाही. रोज रात्री फॉर्म काढून बघते आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवते. आपला धर्म नक्की काय सांगतो? आणि मी वाईट आई आहे का?"

प्रिय मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तू वाईट आई नाहीस. ज्याला काही वाटतच नाही तो माणूस रोज रात्री फॉर्म काढून बघत बसत नाही. झालं, आता बाकीचं बोलू.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी एकच गोष्ट खटकली. त्यात मिस्टरांचं मत आहे, सासूबाईंचं आहे, मैत्रिणीचं आहे, तिच्या चर्चचंसुद्धा आहे, आणि जिच्या पोटात दहा-बारा दिवस रोज सुया टोचल्या, जिला भूल देऊन अंडी काढली, तिच्या मताच्या जागी फक्त 'कळत नाही' एवढंच. मला वाटतं तुला कुणी विचारलंच नसावं. मी विचारणार आहे, पण त्याआधी त्या फ्रीझरमध्ये नक्की काय आहे ते बघू, कारण तुमच्या घरात प्रत्येकजण वेगळ्याच वस्तूबद्दल भांडतोय.

मी कॉलेजात २८ वर्षं झूऑलॉजी शिकवलं. कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड्स, १८ तासांचा, २४ तासांचा, ३३ तासांचा, मुलं कंटाळून जायची, मी मात्र दरवर्षी त्याच स्लाइडवर रेंगाळायचे. तर सांगते. तुझ्या रिपोर्टवर बहुतेक 'डे फाइव्ह' असं लिहिलेलं असेल. पाचव्या दिवशीचा एम्ब्रिओ म्हणजे साधारण दीडशे-दोनशे पेशींचा एक पोकळ गोळा, बारीक रव्याच्या कणाहूनही लहान. बाहेरच्या थराची पुढे वार होते, आणि आत एका बाजूला पेशींचा छोटासा पुंजका असतो त्यातून बाळ. त्या पुंजक्यातल्या पेशी अजून काहीच ठरवून बसलेल्या नसतात, त्यातली एखादी हृदयाची होईल, मेंदूची होईल, कातडीची होईल, सगळं मोकळं. ह्याच त्या एम्ब्रिओनिक स्टेम सेल, मराठीत मूलपेशी. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञाने त्या पहिल्यांदा माणसाच्या एम्ब्रिओतून काढून काचेच्या ताटलीत वाढवल्या, आणि ते एम्ब्रिओ तुमच्यासारख्याच जोडप्यांनी उपचार झाल्यावर दिलेले होते.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते, मिस्टरांनी ती गुळगुळीत केली असेल म्हणून. त्या पेशी काढल्या की तो एम्ब्रिओ राहत नाही. संपतो. सासूबाई 'कापायला' म्हणतात तो शब्द कडवट आहे पण खोटा नाही, आणि त्यांच्याशी बोलायचं तर इथून सुरुवात करावी लागेल, 'अहो आई, काही होत नाही हो' असं म्हणून चालणार नाही. त्याचबरोबर हेही खरं की दुसऱ्या रकान्यावर खूण केली तर तो बाहेर काढला जातो आणि काही वेळात तसाच संपतो. तुम्हाला मूल नकोय हे पक्कं असेल तर 'वाचवायचं की मारायचं' असा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच, संपताना त्याचा कुणाला उपयोग व्हावा की नाही इतकाच आहे. आणि पहिला रकाना, ठेवायचे? ते म्हणजे भाडं भरून प्रश्न पुढच्या वर्षीवर ढकलणं, उणे १९६ डिग्रीला. मी नावं ठेवत नाही, मीही आईच्या साड्यांचं कपाट सात वर्षं उघडलं नव्हतं. पण आपल्याकडे त्यालाही मुदत आहे, ती पुढे सांगते.

आता भ्रूणहत्या. हा शब्द सासूबाईंकडे कुठून आला असेल याचा मी विचार करत होते. पोथीतून आलाच असेल थोडा, पण महाराष्ट्रात आपल्या पिढीने आणि त्यांच्या पिढीने हा शब्द एसटी स्टँडवर, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर वाचलाय, 'स्त्रीभ्रूणहत्या महापाप'. १९८८ साली गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ ला आला. तीस-पस्तीस वर्षं तो बोर्ड बघून बघून तो शब्द आपल्या हाडात बसलाय आणि बसलाय ते चांगलंच झालं. पण तिथलं पाप काय होतं? आईच्या पोटात वाढणारं मूल, केवळ मुलगी आहे म्हणून, निवडून मारायचं, आणि बऱ्याचदा आईला न विचारता. पाप त्या निवडीत होतं. तुझ्या चारांमध्ये मुलगा कोण मुलगी कोण हे कुणाला माहीतही नाही. दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरला म्हणून गोष्ट एक होत नाही, हे सासूबाईंना समजेल असं मला वाटतं, कारण माळकरी बाई शब्द तोलून बघते.

धर्म नक्की काय सांगतो म्हणतेस, तर बाई गं, आपल्याकडे व्हॅटिकन नाही. एक पोप नाही, एक पुस्तक नाही, म्हणून 'हिंदू धर्म असं सांगतो' असं छातीठोक बोलणाऱ्याकडे मी जरा संशयानेच बघते. तरी जुन्या ग्रंथांत गर्भाबद्दल खूप लिहिलंय. चरकसंहितेच्या शारीरस्थानात व्याख्या आहे, शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग 'कुक्षिगत' झाला की त्याला गर्भ म्हणायचं. कुक्षिगत म्हणजे कुशीत गेलेला, गर्भाशयात. त्यात जीव संयोगालाच येतो, म्हणजे सासूबाईंची बाजू बळकट, पण तो कुशीत येतो, म्हणजे तुझीही. चरकाला लिक्विड नायट्रोजनचं पिंप माहीत नव्हतं, तेव्हा त्याच्या तोंडी मी निकाल घालणार नाही. उलट गर्भोपनिषदात एका रात्रीचं कलल, सात रात्रींचा बुडबुडा, पंधरा दिवसांचा पिंड असं एकेक करत जातात आणि जीवाचा संयोग सांगितलाय तो सातव्या महिन्यात. दोन्ही आपलेच ग्रंथ. आता कुठला घ्यायचा?

मला स्वतःला ह्या सगळ्यापेक्षा सुतक जास्त बोलकं वाटतं. हसू नकोस. सासूबाईंना विचार, गर्भ पडला तर बाईला सुतक किती दिवसांचं? जुना नियम आहे, जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या दिवसांचं, मनुस्मृतीतही तेच आहे. तान्हं बाळ गेलं तर त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. म्हणजे ज्यांनी ह्या रीती घालून दिल्या त्यांच्याही मनात गर्भाचं मोल एका रात्रीत पूर्ण होत नव्हतं, ते दिसामासाने वाढत होतं, शोकसुद्धा त्या मापाने. पाळी चार दिवस उशिरा येऊन जोरात गेली तर कुठल्या आजीने सुतक धरलंय? आणि तशा वेळी कधी कधी आत तुझ्या फ्रीझरमधल्यापेक्षा मोठाच गर्भ असतो, निसर्गात फलित झालेल्या अंड्यांपैकी निम्म्याच्या आसपास असेच कुणाला न कळता जातात. ह्याचा अर्थ ते कचरा आहे असा मी काढत नाही. पण पाच दिवसांच्या गोळ्याला 'चार नातवंडं' म्हणणं हे आपल्याच रीतीला धरून नाही, एवढं मी म्हणेन.

आणि आता कुणीतरी व्हॉट्सॲपवर गांधारी पाठवणारच, म्हणून आधीच बोलून घेते. २०१९ च्या जानेवारीत जालंधरला सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी भर सभेत सांगितलं की कौरव म्हणजे स्टेम सेल आणि टेस्ट ट्यूब बेबी, आणि जगभर आपलं हसं झालं. ती प्रयोगशाळा नव्हती गं, ती गोष्ट आहे, आणि गोष्ट म्हणून ती फारच भारी आहे. दोन वर्षं पोटात वागवून गांधारीला कुंतीचा हेवा वाटतो, ती स्वतःच्या पोटावर प्रहार करते, लोखंडासारखा मांसाचा गोळा बाहेर पडतो, ती टाकून द्यायला निघते आणि व्यास येऊन त्याचे एकशे एक भाग करून तुपाच्या कुंभांत ठेवायला सांगतात. मला त्यात एकच प्रश्न पडतो. गोळा एक होता तेव्हा जीव किती होते, एक की एकशे एक?

हा प्रश्न गमतीचा वाटेल पण जगातल्या मोठ्या मोठ्या कमिट्या ह्याच प्रश्नावर बसल्यात. एम्ब्रिओचे दोन होऊन जुळी होणं साधारण पहिल्या चौदा दिवसांतच शक्य असतं. चौदाव्या दिवसाच्या सुमाराला त्यावर एक बारीक रेघ उमटते, शरीराची दिशा ठरते, डोकं कुठे शेपूट कुठे, आणि त्यानंतर तो एकच राहतो. चौदाव्या दिवसापर्यंत 'हा कोण' असं विचारता येत नाही कारण तो अजून एक आहे की दोन हेच ठरलेलं नाही. १९८४ साली इंग्लंडमध्ये मेरी वॉर्नॉक ह्या तत्त्वज्ञानाच्या बाईंच्या कमिटीने चौदा दिवसांची हद्द आखून दिली, त्यापुढे प्रयोगशाळेत वाढवायचं नाही, आणि आपल्या आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांतही तीच हद्द आहे. हद्द माणसांनीच आखलीय, देवाने नाही, आणि स्टेम सेलवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना २०२१ पासून ती सैल करायच्या बाजूने झुकलीय, ते मला फारसं आवडलेलं नाही. एक रेघ पुढे सरकली की दुसरी कुठे थांबेल हे कोण सांगणार.

तुझ्या वसईच्या मैत्रिणीकडे येऊ. ती बरोबर सांगतेय. कॅथलिक चर्चचं म्हणणं असं की फलन झालं त्या क्षणापासून तो माणूस म्हणूनच वागवला पाहिजे, म्हणून एम्ब्रिओ मोडून स्टेम सेल काढणं चूक, मग हेतू कितीही चांगला असो. पण पूर्ण ऐकलंस तर त्यांना आयव्हीएफच मान्य नाही, १९८७ सालीच त्यांनी तसं लिहून ठेवलंय. म्हणजे तिचं चर्च फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यापाशी नाही, तुझी लेक जिथून आली त्या ताटलीपाशीच थांबलेलं आहे. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, उलट त्यांच्या एकसंधपणाचा मला आदर वाटतो. २००८ च्या कागदात तर त्यांनी फ्रीझरमधल्या एम्ब्रिओंबद्दल चक्क कबूल केलंय की हा असा अन्याय होऊन बसलाय की ज्याला सोडवणूकच नाही. तुझ्या रात्रीच्या ड्रॉवरचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलं नाही. आणि हो, चर्च सगळ्या स्टेम सेलच्या विरोधात आहे हा गैरसमज आहे, मोठ्या माणसाच्या शरीरातल्या, बोनमॅरोतल्या, नाळेतल्या पेशींना त्यांचा विरोध नाही, प्रोत्साहनच आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. ज्यूंच्या तालमूदमध्ये पहिले ४० दिवस गर्भ म्हणजे 'नुसतं पाणी', आणि जीव वाचवणं हे सगळ्यात मोठं कर्तव्य, म्हणून इस्राएल ह्या संशोधनात पहिल्यापासून पुढे. मुसलमानांमध्ये रूह १२० दिवसांनी फुंकली जाते असं मानणारे बरेच, काही ४० म्हणतात, आणि इराणसारख्या देशात २००२ साली सर्वोच्च धर्मगुरूंनीच परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी तेहरानच्या रोयान संस्थेत सेल लाइन, म्हणजे एका एम्ब्रिओतून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश, तयार झाली, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये लोक चाट पडले होते. बौद्ध आणि जैन विचारात जीव अगदी आरंभापासून धरतात आणि अहिंसा पहिली, त्यामुळे तिथे अवघड जातं, पण तिथेही हेतू बघायला सांगणारे आहेत. आणि अमेरिका, जिथे हे भांडण सगळ्यात जोरात झालं, तिथे ते खरं तर गर्भपाताचं भांडण होतं. ऑगस्ट २००१ मध्ये बुश साहेबांनी जाहीर केलं की आधी बनलेल्या सेल लाइनवरच सरकारी पैसा मिळेल, नव्या नाहीत, तर अशा लाइन असलेल्यांच्या यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस ही कंपनी आणि बंगळुरूची एनसीबीएस ही संशोधन संस्था, ही दोन नावं होती! ओबामांनी २००९ मध्ये ती बंदी उठवली. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यावरून सरकारं पडली नाहीत, म्हणून स्टेम सेलवरूनही कुणी रस्त्यावर आलं नाही. आपलं भांडण घरात होतं, जेवणाच्या ताटावर, जसं तुझ्याकडे.

सासूबाईंना अडाणी समजू नका हे मिस्टरांना माझ्याकडून सांग. जपानचे शिन्या यामानाका, एकदा मित्राच्या क्लिनिकमध्ये त्यांनी मायक्रोस्कोपखाली एम्ब्रिओ बघितला आणि त्यांना स्वतःच्या मुली आठवल्या, ह्यात आणि त्यांच्यात फरक तो केवढा असं वाटून गेलं. त्यातून दुसरा रस्ता शोधायची ओढ लागली, आणि २००६ मध्ये उंदराच्या, २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी फक्त चार जीन घालून मागे फिरवून त्यांनी जवळपास तशाच मूलपेशी बनवल्या, एम्ब्रिओ न मोडता. २०१२ चं नोबेल. तेव्हा पोटात जे हलतं ते शास्त्रज्ञाच्याही पोटात हलतं, आणि कधी कधी त्यातूनच चांगलं शास्त्र निघतं. मग आता एम्ब्रिओ लागतच नाहीत का? लागतात, कारण ह्या बनवलेल्या पेशी खऱ्याशी ताडून बघाव्या लागतात, आणि आईच्या पोटात पहिल्या आठवड्यात काय घडतं, गर्भ का टिकत नाहीत, हे एम्ब्रिओशिवाय कळत नाही. तुझ्या आयव्हीएफचा पहिला प्रयत्न फसला असेल तर का फसला, हाही त्यातलाच प्रश्न.

आता नाना. इथे मला मिस्टरांचा कान धरायचाय. तुमचे एम्ब्रिओ दिले तर त्यातून नानांसाठी औषध तयार होऊन येणार, असं काहीही होत नाही. दिलेला एम्ब्रिओ कुठल्या प्रयोगात जाईल, त्यातून सेल लाइन बनेल की नाही, काही हमी नसते, बहुतेकदा बनत नाही. पार्किन्सन्सवर काम चाललंय हे खरं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन अभ्यास छापून आले, एक अमेरिका-कॅनडातला १२ पेशंटचा, एम्ब्रिओनिक पेशींपासून मेंदूच्या पेशी बनवून आत सोडल्या, दुसरा क्योतोचा ७ जणांचा, यामानाकांच्या पद्धतीच्या पेशींचा. दोन्हीत मुख्य प्रश्न होता सुरक्षित आहे का, आणि तिथवर उत्तर बरं आलंय. एवढंच. आणि एक गंमत सांगू, अमेरिकेतल्या त्या पेशी आल्या एच नाईन नावाच्या सेल लाइनमधून, म्हणजे थॉमसनच्या १९९८ च्या पहिल्या पाचांतली एक. कुठल्यातरी जोडप्याने तेव्हा फॉर्मवर खूण केली, आणि पाव शतकानंतर त्या पेशी अनोळखी माणसांच्या डोक्यात डोपामिन, पार्किन्सन्समध्ये कमी पडणारं रसायन, बनवतायत. त्या जोडप्याच्या घरातलं कुणी त्यातून बरं होईल अशी काही हमी नव्हती. द्यायचं तर असं द्यायचं, नानांच्या नावाने सौदा करून नाही.

आणि ह्या उत्साहात नानांना घेऊन कुठे 'स्टेम सेल इंजेक्शन'ला जाऊ नका. लाखो रुपये घेऊन पार्किन्सन्सपासून गुडघ्यापर्यंत सगळं बरं करून देतो म्हणणारी दुकानं आहेत, माझ्या मावसभावाने एका ठिकाणी तीन हप्ते भरले, नाव घेत नाही, हातात फक्त पावत्या आल्या. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या काही आजारांत वगैरे होणारं मूलपेशी प्रत्यारोपण, बोनमॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो ते. बाकी सगळं अजून प्रयोग, आणि प्रयोगात पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठायचं. मला तर ह्या सगळ्या विषयातलं खरं पाप इथे दिसतं, पण त्याच्यावर कुणी कीर्तन करत नाही.

दक्षिण कोरियाचे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक ह्यांचं प्रकरण आठवतंय का? २००४-०५ मध्ये क्लोन केलेल्या एम्ब्रिओतून स्टेम सेल काढल्या म्हणून देशाने डोक्यावर घेतलं, नंतर निघालं की डेटा बनावट. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त झोंबली, त्यांच्याच लॅबमधल्या ज्युनियर मुलींनी अंडी दिली होती. साहेबांच्या हाताखालची मुलगी नाही म्हणू शकते का? जगातले सगळे धर्म त्या रव्याच्या कणावर पानंच्या पानं लिहितात, आणि ज्या बाईच्या अंगातून तो आला तिच्यावर क्वचितच एखादी ओळ. म्हणून मी सुरुवातीला तुला सुयांची आठवण दिली.

आता कायदा आणि फॉर्म, कंटाळवाणं आहे पण वाच. २०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) एम्ब्रिओ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो, त्यानंतर तो संपू द्यायचा किंवा तुमच्या संमतीने नोंदणी असलेल्या संशोधन संस्थेला द्यायचा. विकता येत नाही. संशोधनासाठी परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा तिसऱ्या रकान्यावर खूण करण्याआधी क्लिनिकला विचार की घेणारी संस्था कोणती आहे, तिची नोंदणी दाखवा, कारण रकाना छापलेला असणं आणि घेणारं कुणी असणं ह्यात फरक आहे. काम नक्की कसलं, स्टेम सेलचं की नुसती नवशिक्या डॉक्टरांची प्रॅक्टिस. तिथल्या एथिक्स कमिटीने आणि स्टेम सेलच्या वेगळ्या कमिटीने परवानगी दिलीय का. तुमची नावं पुढे जातात का. कधीपर्यंत मागे घेता येईल. उद्या कुठली कंपनी त्यातून पैसा करणार असेल तर ते आत्ता सांगणार का. उत्तर नीट मिळालं नाही, किंवा 'मॅडम नुसती सही करा' असं आलं, तर करू नकोस, आणि त्यात धर्माचा काही संबंध नाही.

आपल्याकडे हे काम नीट झालेलं आहे, हेही सांगते. मुंबईत परळला केईएममध्ये १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, आयसीएमआरच्या परळच्याच संस्थेसोबत. आणि त्याच संस्थेत २००९ च्या सुमाराला दोन सेल लाइन तयार झाल्या, किंड वन आणि किंड टू, आयव्हीएफमधून उरलेल्या, जोडप्यांनी दिलेल्या एम्ब्रिओंपासून. कुणीतरी दिले म्हणून. त्यांच्याही घरी सासूबाई असतीलच की.

मी तुझ्या जागी असते तर दिले असते. पण मी तुझ्या जागी नाही, माझ्या पोटात सुया टोचल्या नाहीत. तू एकटी बसून हे करून बघ, प्रत्येक रकान्यावर मनातल्या मनात खूण कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीची वेणी घालताना कसं वाटतं ते बघ. नष्ट करणंच बरं वाटलं तरी ते भेकडपणाचं नाही. एक वर्ष थांबावंसं वाटलं तर थांब, दहा वर्षांतली थोडीच गेलीत.

सासूबाईंशी मात्र मिस्टरांनी वाद घालू नये, तू बोल, दुपारी, नाना झोपल्यावर. त्यांना म्हण की तुम्ही म्हणता ते खोटं नाही, त्यात जीव होऊ शकला असता, आणि मलाही वाईट वाटतंय. हे वाक्य तुमच्या घरात अजून कुणी बोललंच नाहीये, सगळे बरोबर-चूक करत बसलेत. त्यांना सुतकाचं विचार. तुळशीपाशी चार दिवे लावायचे म्हणाल्या तर लावू दे, तूही लाव, विज्ञान त्याने काही कमी होत नाही. हवं तर क्लिनिकच्या काउन्सेलरकडे सोबत ने, मायक्रोस्कोपमधला फोटो दाखवतील, तो बघून त्या जास्त रडतील किंवा शांत होतील, दोन्ही शक्य आहे. पण निर्णयाची सही दोघांचीच, फॉर्मवर तिसऱ्या सहीला जागा नाही, हे त्यांना प्रेमाने पण आधीच सांग.

आणि तो फॉर्म ड्रॉवरमधून काढून जेवणाच्या टेबलावर ठेव, फळांच्या टोपलीखाली. रिन्यूअलची शेवटची तारीख काय आहे ते बघ, तेवढे दिवस आहेत तुझ्याकडे.

तुझी,
ताई